चिखल धुतल्याबद्दल

पिंपळे गुरव
गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५

श्री. दत्तोबा गराडे, तळेगाव दाभाडे, यांस,

बुधवार, दिनांक १ ऑक्टोबर रोजी सकाळी साडेदहा ते दुपारी पावणेदोन या वेळात, मी घरी नसताना, आपण माझ्या बैठकीच्या खोलीतलं काचेचं कपाट उघडलंत, त्यातला लष्करी ट्रक बाहेर काढलात, न्हाणीघरात नेलात आणि धुतलात.

आपण माझे व्याही आहात. आपली स्नेहल माझ्या निरंजनची बायको आहे. म्हणून वाक्याच्या सुरुवातीला 'आपण' लिहिलं आहे. तो मान नात्याचा आहे. कालच्या कृत्यातून त्यात काही भर पडलेली नाही.

दर खंडेनवमीला आपण लेकीच्या घरच्या गाड्यांची पूजा करायला येता, त्याला मी कधी हरकत घेतली नाही. खाली पार्किंगमध्ये तिची स्कूटर धुवा, निरंजनची गाडी धुवा, हार घाला, चाकाखाली लिंबं ठेवा. चौथ्या मजल्यावर माझ्या कपाटात असलेली गाडी खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढी आहे. तिला पेट्रोल लागत नाही, तिचा विमा उतरवलेला नाही, ती कधी कोणाला धडकणार नाही. तिला पूजेची काय गरज पडली? स्नेहल आपल्यावर घर सोपवून ऑफिसला गेली, ते तिच्या वडिलांवर विश्वास ठेवून. मी माझ्या कामासाठी चिंचवडला गेले होते. काम खासगी होतं.

आता आपण काय धुतलंत ते सांगते. तो शक्तिमान ट्रक होता. माझ्या लहानपणी खडकीच्या रस्त्यांवर रोज दिसायचा तसा. त्याचं तयार किट मला कुठे मिळालं नाही, म्हणून प्लॅस्टिकचे पातळ पत्रे कापून तो मी स्वतः उभा केला. देखावा असा होता: ट्रक आसापर्यंत चिखलात रुतला आहे, सहा जवान मागून ढकलताहेत, आणि सातवा बाजूच्या दगडावर बसला आहे. रणगाड्याला हिरवा रंग कोणीही फासू शकतो. आमच्या छंदात कसब असतं ते मळवण्यात. चिखल कुठे वाळला, कुठे ओला राहिला, चाकाने उडवला तर किती उंच उडाला, दाराशी कोणाच्या बुटाने लागला. तो चिखल ट्रकवर पडलेली घाण नव्हती, दत्तोबा. तो ट्रक त्या चिखलासाठी केला होता.

घरी आले तेव्हा ट्रक चिखलातून बाहेर काढून शेजारच्या कोरड्या रस्त्यावर उभा केलेला होता. चकचकीत. बॉनेटवर हळदकुंकू. टपावर झेंडूची एक पाकळी, जी त्या मापात गादीएवढी दिसते. सहा जवानही मागोमाग तिथे आणून ठेवलेले, अजूनही ढकलत होते. सातव्याला आपण दगडावरून उचलून, बसल्या मांडीनेच, मागच्या फळीला पाठ लावून चिकटवलं होतं. आता एक माणूस हवेत बसून ट्रक ढकलतो आहे. आणि सात जवान एका धड, स्वच्छ, मोकळ्या रस्त्यावरच्या गाडीला कशासाठी ढकलताहेत? बॅटरी उतरली म्हणून?

१६ नोव्हेंबरला चिंचवडला आमच्या मॉडेल करणाऱ्यांच्या मंडळाचं प्रदर्शन आहे. तिथे पहिल्यांदाच एक टेबल माझ्या नावाने मांडलं जाणार आहे. आजवर मी तिथे गेले की मंडळाचा प्रीतम विचारायचा, "काकू, मिस्टरांचं कलेक्शन बघायला आलात का?" मिस्टर हयात होते तेव्हा त्यांना डिंकाच्या वासाने शिंका यायच्या. ते माझ्या टेबलापासून चार हात लांब बसून पेपर वाचायचे. त्या टेबलावर आता मी काय ठेवू?

मी तीस वर्षं पिंपरीच्या एका कंपनीत पर्सोनेल खात्यात होते. गैरवर्तनाचे मेमो मीच लिहीत असे. तेव्हा याला मेमो समजावं. आपला लेखी खुलासा गुरुवार, ९ ऑक्टोबर, सायंकाळी पाचपर्यंत माझ्या हाती पडावा.

हे पत्र मी सांगते आहे आणि स्नेहल लिहून घेते आहे. रागात माझं अक्षर बिघडतं, आणि आमच्या शाळेतल्या सिस्टर बिघडलेल्या अक्षराला शून्य देत. तो धोका मी पत्करत नाही.

विजयश्री सातपुते

ता. क. बाबा, मी फक्त लिहून घेतलं आहे. एक शब्द मी गाळला आहे. — स्नेहल

ता. क. २. तो शब्द 'अडाणी' होता. मी प्रत्येक पत्र पाकिटात जाण्याआधी वाचते, हे स्नेहलच्या लक्षात आलं नव्हतं. आता आलं आहे. — वि. सा.


तळेगाव दाभाडे
५ ऑक्टोबर २०२५

श्रीमती विजयश्रीताई, विहीणबाई, यांना दत्तोबा गराडे यांचा सा. न. वि. वि.

मेमो मिळाला. चाकणच्या कंपनीत मी मेंटेनन्सला बत्तीस वर्षं काढली. फोरमन होऊन रिटायर झालो. दुसऱ्यांना मेमो मिळाले ते पाहिले, स्वतःला कधी मिळाला नव्हता. तो मान सोयरिकीत मिळायचा होता.

खुलासा खालीलप्रमाणे.

खालच्या दोन्ही गाड्यांचं साडेदहाच्या आत उरकलं. वर येऊन चहा केला, आपल्या कोचावर बसलो. समोर कपाटात पाहिलं तर एक गाडी आसापर्यंत चिखलात. ताई, आमच्या खात्यात खंडेनवमीच्या आदल्या पाळीला मशीनवर तेलाचा एक डाग राहिला तरी मी माणसाला घरी सोडत नसे. वर्षभर जे यंत्र आपल्याला भाकरी देतं ते त्या दिवशी तरी धुतलेलं असावं. आपल्या घरात बाकी सगळं आरशासारखं असतं. मला वाटलं, एवढी एकच गाडी नजरेतून सुटली असावी. वयाप्रमाणे होतं.

धुताना हयगय केलेली नाही. शॅम्पू कोमट पाण्यात घातला, लहान मुलांचा टूथब्रश वापरला, स्नेहलच्या केस वाळवायच्या मशीनने वाळवलं. चेसीसच्या खालचा चिखलसुद्धा काढला. तो कोणाला दिसला नसता, पण मला माहीत होता. गाडी पुन्हा त्याच खड्ड्यात कशी ठेवणार? म्हणून रस्त्यावर लावली.

सातव्या माणसाबद्दल. सहा जण जोर लावताहेत आणि एक जण दगडावर बसून बघतोय, हे मला पाहवेना. असा एक प्रत्येक पाळीत असतो. त्याला कामाला लावणं हेच माझं आयुष्यभराचं काम. त्याच्या गळ्यात कागदाचं एक मळकं फडकं अडकलं होतं, तेही चिमट्याने काढून टाकलं.

स्नेहलची आई, यशोदा, म्हणाली, "म्या निघताना सांगितलं व्हतं, विहीणबाईंच्या खेळण्यांना हात लावू नगा. तुमच्या हाताला गप बसवत न्हाई." तिचं म्हणणं खरं आहे. चूक झाली. माफी असावी.

नुकसानभरपाई म्हणून सोबत पिशवी पाठवली आहे. आमच्या भाताच्या खाचरातला चिखल आहे. लष्कराचा ट्रक रुतायला याहून चांगला चिखल अख्ख्या मावळात मिळायचा नाही. कमी पडला तर कळवावं.

आपला,
दत्तोबा गराडे


पिंपळे गुरव
११ ऑक्टोबर २०२५

श्री. दत्तोबा गराडे यांस,

खुलासा मुदतीत मिळाला. समाधानकारक नाही.

पिशवी स्नेहलने माझ्या टेबलावर आणून ठेवली. पिशवीतून चिखल निघाला, भाताची मुळं निघाली आणि दोन गांडुळं निघाली. पस्तिसाव्या हिश्शाच्या मापात ती गांडुळं अजगर होतात. त्या मापात वाळूचा कण म्हणजे धोंडा, आणि आपल्या खाचरातलं एक ढेकूळ ट्रकवर ठेवलं तर ती दरड कोसळल्याची बातमी होईल. मापातला चिखल खाचरात मिळत नाही. माती वस्त्रगाळ करावी लागते, तीत रंगीत खडूची पूड, पातळ केलेला डिंक, आणि ओल दाखवायला वरून व्हार्निशचा हात. आपला चिखल कढीपत्त्याच्या कुंडीत घातला आहे. कढीपत्त्याची तक्रार नाही.

"वयाप्रमाणे होतं" हे वाक्य मी स्नेहलकडून दोनदा वाचून घेतलं. माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही. आपलं वय माझ्याहून दोन वर्षांनी जास्त आहे, हे सुपारीच्या वेळीच माझ्या नजरेला आलं होतं.

आता त्या मळक्या फडक्याबद्दल. ती झोळी होती. त्या जवानाचा उजवा हात दुखावलेला आहे. झोळीत अडकवलेला हात आपण पाहिला नाहीत, कारण आपल्याला माणूस बसलेला दिसला की पुढचं काही दिसत नाही. तो आळशी नाही. सहा जण ढकलताहेत आणि आपल्याला ढकलता येत नाही, म्हणून तो तोंड पाडून बसला आहे. ते तोंड रंगवायला मला एक महिना लागला. झोळी चहाच्या पिशवीच्या कागदाची होती, डिंकात भिजवून सुईच्या टोकाने घड्या घातलेली. संपूर्ण देखाव्यात ती मी सगळ्यात शेवटी केली. ती आता कुठे आहे? आपल्या चिमट्याने ती कुठल्या मोरीत गेली?

ती पुन्हा करणं शक्य नाही. चिखलही शक्य नाही. वेळ नाही.

टेबल रद्द करावं असं मंडळाला कळवायचं मी ठरवलं आहे. प्रीतमला आनंद होईल, त्या जागेवर त्याची विमानं मावतील. पुढच्या खंडेनवमीपासून आपण पार्किंगच्या वर येऊ नये, एवढं पुरे. या पत्राला उत्तर अपेक्षित नाही.

विजयश्री सातपुते


तळेगाव दाभाडे
१५ ऑक्टोबर २०२५

श्रीमती विजयश्रीताई यांना स. न. वि. वि.

उत्तर अपेक्षित नाही असं आपण लिहिलंत, तरी देतो आहे.

वेळ नाही हे मला पटलं नाही. प्रदर्शनाला महिना आहे. आपण नोकरीत नाही, घरातली कामं स्नेहल आणि निरंजन वाटून करतात. आमच्याकडे लाइन बंद पडली की ओव्हरटाइम करून मशीन उभं करत असू. महिनाभर आहे म्हटल्यावर वेळ नाही असं सांगतो तो माणूस काम करायला राजी नसतो, एवढं फोरमनला कळतं. आपण राजी नसाल तर तसं लिहा. माझ्या डोक्यावर प्रदर्शन बुडवल्याचं खापर ठेवू नका.

दुसरी गोष्ट लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला. यशोदा नको म्हणाली. तरी लिहितो.

सुपारी फुटली तेव्हा आपलं पहिलं पत्र आलं होतं. यशोदाच्या लोखंडी पेटीत ते अजून आहे. अक्षर असं की मी ते कंपनीत नेऊन साहेबाला दाखवलं होतं. म्हटलं, माझ्या पोरीची सासू बघा कसं लिहिते. त्यानंतर दर दिवाळीला आपलं पत्र यायचं ते आपल्या हाताचं. गेल्या दिवाळीला आलं नाही. आणि आता जी दोन आली ती पोरीच्या हातची.

मी चुकलो, आपण बोललात, ते मी घेतलं. पण बापाला द्यायची बोलणी त्याच्या लेकीच्या हातून लिहवून घ्यायची, ही कुठली रीत? तिचं अक्षर मी ओळखतो. पहिलीत तिच्या हाताला धरून मीच गिरवून घेतलं होतं. त्याच अक्षरात 'तो शब्द अडाणी होता' हे वाचलं. स्वतःचा हात विटाळावा एवढीही माझी किंमत नाही असं आपल्याला वाटतं का? पोरीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "बाबा, मला विचारू नका," आणि फोन ठेवला. याआधी तिने माझा फोन असा कधी ठेवला नव्हता.

आपण मुदत घालता, मीही घालतो. धनत्रयोदशीच्या आत आपल्या हाताने लिहिलेली एक ओळ यावी. शिवी असली तरी चालेल. आली नाही, तर दिवाळीला लेकीला न्यायला मी येईन, पण आपल्या उंबऱ्याच्या आत पाय टाकणार नाही. खाली पार्किंगमध्येच उभा राहीन. तिथवर मला परवानगी आहेच.

दत्तोबा गराडे


पिंपळे गुरव
१७ ऑक्टोबर

दत्तोबा,

हे माझं अक्षर.

वाकडं आहे ते रागाने नाही. वर्षभर असंच आहे. हाताचा कंप थांबत नाही. खंडेनवमीला चिंचवडला गेले होते ती त्यासाठीच, डॉक्टरांकडे.

स्नेहलला मी शपथ घातली होती. तिला बोलू नका.

ट्रक शेवटचा होता.

या सात ओळींना सकाळ गेली. वेळ नाही म्हणजे हे.

विजयश्री


तळेगाव दाभाडे
१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

विजयश्रीताई यांना सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. सगळं वाचता आलं.

टेबल रद्द केलं असेल तर परत मांडायला सांगा. पाडव्याचा बुधवार सोडून त्याच्या पुढच्या बुधवारी, २९ तारखेला, दहा वाजता येतो. चष्मा, चिमटा आणि वस्त्रगाळ करायला यशोदाचं जुनं मलमलीचं लुगडं घेऊन येतो. आपण कोचावर बसून बोला, मी घाण करतो. मी धुतली, मीच मळवीन.

मला मळवता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आयुष्यभर उलटंच केलं आहे. ओरडायचं असेल तर जेवणाआधी ओरडा. जेवणानंतर मला ऐकू कमी येतं.

दिवाळीला लेकीला न्यायला येईन तेव्हा चौथ्या मजल्यावर येईन. फराळाला चकली असावी.

दत्तोबा


तळेगाव दाभाडे
९ नोव्हेंबर २०२५

विजयश्रीताई यांना सा. न. वि. वि.

काल शनिवारची जादा पाळी करून घरी पोचायला उशीर झाला. देहू फाट्याला गर्दी होती. म्हणून ही गोष्ट आपल्यापुढे बोलायची राहिली, ती लिहितो.

पहिल्या बुधवारी मी केलेल्या चिखलाला आपण 'शिरा' म्हणालात. दुसऱ्या बुधवारी 'श्रीखंड' म्हणालात, आणि स्नेहलने आत जाऊन तोंडात पदर धरला. ती ड्रेसवर होती, तरी मला तसंच वाटलं. काल आपण चष्मा लावलात, वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "हा चिखल आहे." ताई, मला फोरमनची ऑर्डर हातात पडली त्या दिवशी एवढं झालं नव्हतं.

ब्रश घासायचा नाही, बोटाने झटकायचा, हे आता हाताला कळलं. पण अजून माझा दुसरा हात आपोआप फडक्याकडे जातो, आणि मग आपण कवायतीच्या आवाजात "दत्तोबा" म्हणता. काल तुमच्या खालच्या मजल्यावरची सुमनताई जिन्यात भेटली. विचारत होती, वरती बुधवारी शिकवणी असते का. मी हो म्हटलं. कोणाची, ते तिने विचारलं नाही.

घरीही गोंधळ झाला आहे. शेतातून आलो की पायावरचा चिखल धुवायच्या आधी जरा वेळ बघत बसतो. कुठे वाळलाय, कुठे ओला आहे. यशोदा म्हणते, "बास झालं, आता तुमाला बी कपाटात ठेवते."

झोळी कितीदा तरी फाटली, ती शेवटी बसली. आपण म्हणालात घडी खालून वर येते, तसंच केल्यावर बसली. जवान दगडावर परत गेला. एक सांगतो. तो आता मला खटकत नाही. बसल्या जागेवरून तोच बाकीच्या सहा जणांना कुठे जोर लावायचा ते सांगतोय, असं वाटतं. तोंड पाडलेलं आहे ते त्यांना नीट जमत नाही म्हणून.

आता मुद्दा. गाडी पुन्हा तयार झाली. तयार झालेली गाडी ओवाळल्याशिवाय बाहेर काढू नये. हार नको, लिंबू नको, पाकळी नको. बॉनेटवर कुंकवाचा एक ठिपका, तोही मापात. परवानगी असावी.

दत्तोबा


पिंपळे गुरव
१० नोव्हेंबर २०२५

श्री. दत्तोबा गराडे यांस,

नाही.

विजयश्री सातपुते

(लिहून घेणार: स्नेहल. बाबा, एवढ्यासाठीही त्यांनी मला स्वयंपाकघरातून बोलावलं.)


पिंपळे गुरव
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

श्री. दत्तोबा गराडे, तळेगाव दाभाडे, यांस,

रविवार, दिनांक १६ नोव्हेंबर रोजी सकाळी सव्वाअकरा वाजता, चिंचवडच्या सभागृहात, मी चहा घ्यायला गेले असताना, आपण माझ्या टेबलामागे उभे राहून जमलेल्या लोकांशी बोललात. माझी परवानगी घेतली नव्हती.

काय बोललात ते मला स्नेहलकडून कळलं. प्रीतम भिंग घेऊन आला. टेबलामागे पांढऱ्या मिशीचा, टोपी घातलेला पुरुष उभा. साहजिकच तो आपल्याला म्हणाला, "काका, काय जबरदस्त काम केलंय तुम्ही." यावर आपण उत्तर दिलंत, "मी हेल्पर. साहेब तिकडं चहा पिताहेत."

मी तीस वर्षं साहेब लोकांच्या सहीचे मेमो लिहिले. मला कोणी साहेब म्हटलेलं नाही आणि मला ते आवडलेलंही नाही. शिवाय आपण फोरमन होता. फोरमन स्वतःला हेल्पर म्हणवून घेतो तेव्हा खात्याची शिस्त बिघडते. या गोष्टीची नोंद घेतली आहे.

दुसरा आरोप जास्त गंभीर आहे.

चहा संपवून मी टेबलाशी आले. प्रीतम भिंग डोळ्याला लावून वाकला होता. मला म्हणाला, "साहेब," आणि हे तो आपल्यामुळे म्हणाला, "चिखल तर आहेच, पण हा ठिपका. आपल्याकडची कुठलीही गाडी बघा, हा असतोच. बाहेरच्या कुठल्या मॉडेलवाल्याला हे सुचलं नसतं. कसा केलात?" मी चष्मा लावला. बॉनेटवर, मधोमध, मातीच्या पातळ थराखालून जेमतेम डोकावणारा कुंकवाचा एक ठिपका होता. मापात.

मी १० नोव्हेंबरला लेखी 'नाही' कळवलं होतं. 'नाही' या शब्दाचा दुसरा अर्थ मला कुठल्याही शाळेत शिकवलेला नाही. आणि 'कसा केलात' या प्रश्नावर मी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. स्नेहल म्हणते, मी प्रश्न टाळला असं तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा घडलं. भोवतीच्या चार माणसांना वाटलं, साहेब आपलं कसब सांगायला राजी नाहीत. त्यामुळे माझा भाव वाढला. त्याचं श्रेय मी आपल्याला देणार नाही.

मंडळाने दिलेल्या प्रशस्तिपत्रावर माझं नाव बरोबर लिहिलं आहे. खाली एक ओळ आहे, 'विशेष उल्लेख: बसलेला जवान'. ठिपक्याचा उल्लेख नाही, एवढाच काय तो दिलासा. ठिपका खरवडून काढावा असा विचार मी केला. खरवडायला गेलं तर चिखल निघेल, म्हणून तो तूर्त राहू देते आहे. ही संमती समजू नये.

तरी पुढील गोष्टींचा खुलासा करावा. तो ठिपका आपण केव्हा लावलात, कारण ८ तारखेच्या शनिवारी सगळं काम माझ्या डोळ्यांसमोर पुरं झालं होतं आणि माझ्या नजरेतून काही सुटत नाही. तो कशाच्या टोकाने लावलात, कारण एवढं बारीक टोक माझ्या डब्यात नाही. आणि त्याच्यावर मातीचा थर देण्याचं आपल्याला कोणी सांगितलं होतं. तसं मी शिकवलेलं नाही. ते बरोबर आहे, पण मी शिकवलेलं नाही.

आणखी एक. कपाटाच्या खालच्या खणात लष्करी ॲम्ब्युलन्सचं एक किट आहे. दोन वर्षांपूर्वी घेतलं होतं, खोका उघडलेला नव्हता. काल उघडला. आत एक ड्रायव्हर, दोन स्ट्रेचरवाले आणि एक नर्स आहे. नर्सचं नाक बाणासारखं आहे, ते आधी तासावं लागेल. काम बुधवारी, २६ तारखेला, दहा वाजता सुरू होईल आणि जेवणाला थांबेल. ॲम्ब्युलन्स धुळीतून आलेली दाखवायची आहे. धूळ म्हणजे चिखल नव्हे, तिची शिकवणी पहिल्यापासून सुरू होईल, आणि 'शिऱ्या'पेक्षा वाईट शब्द माझ्याकडे शिल्लक आहेत. आपल्याला यायचं नसेल तर कारण लिहावं. वेळ नाही हे कारण चालणार नाही. ते कधी खरं असतं आणि कधी नसतं, हे आता आपल्याला माहीत आहे.

यशोदाबाईंना सांगावं, मलमल मी परत करणार नाही.

खुलासा लेखी हवा. फोन चालणार नाही, निरोप चालणार नाही, आणि लेकीच्या अक्षरातला तर मी उघडणारही नाही. रविवार, २३ नोव्हेंबर, दुपारी बारा वाजेपर्यंत तो आपल्या स्वतःच्या हाताने लिहिलेला माझ्या हाती पडला पाहिजे.

विजयश्री सातपुते
(सही स्वहस्ते)